पावणेसात टनांची रात्र

३२ फुटी गाडी मागे घेत गोदामाच्या डॉकला, म्हणजे माल चढवायच्या फलाटाला, लागली की रबरी गाद्यांवर एक दबका धक्का बसतो आणि सबंध फलाट क्षणभर हलतो. गेली दोन वर्षे मी माझी रात्र या धक्क्यांनी मोजतो आहे. दार उघडले की दिवसभर तापलेल्या पत्र्याचा आणि आधीच्या मालाचा मिसळलेला वास तोंडावर येतो. बॅटरी मारून गाडीचा तळ पाहायचा, कुठे खिळा वर आला आहे का, कुठे ओल आहे का ते तपासायचे, लेव्हलरची, म्हणजे फलाट आणि गाडी यांना जोडणाऱ्या पाटाची, लोखंडी जीभ गाडीत टेकवायची आणि पहिला बॉक्स उचलायचा. ठाणे-बेलापूर रस्त्यालगत पावणे एमआयडीसीतल्या एका गोदामात मी लोडर आहे. बी. कॉम. झाल्यावर चार महिन्यांपुरते म्हणून हे काम धरले होते. त्या चार महिन्यांचे काय झाले हे मी आता कोणी विचारल्याशिवाय सांगत नाही.

एका रात्रीचा हिशेब मी एकदा कागदावर मांडून पाहिला. त्या गाडीत ८४० बॉक्स गेले होते. लहानमोठे धरून सरासरी ८ किलो पकडले, तर सुमारे पावणेसात टन माल झाला. गाडीवर आम्ही दोघे होतो, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला निम्मा आला, असे बाहेरच्याला वाटेल. परंतु एकजण पॅलेटवरून, म्हणजे माल रचलेल्या चौकटीवरून, बॉक्स उचलून आत देतो आणि दुसरा तो घेऊन थप्पीला लावतो, त्यामुळे प्रत्येक बॉक्स दोघांच्याही हातांतून जातो आणि पावणेसात टन दोघांच्याही अंगावर पूर्ण पडतात. गाडीला दोन तास दिलेले असतात. १२० मिनिटांत ८४० बॉक्स म्हणजे मिनिटाला ७, दर साडेआठ सेकंदांना एक. रात्रीत अशा दोन गाड्या होतात, सणासुदीला तीन.

हा हिशेब मी मोठ्या कौतुकाने तात्यांना, म्हणजे माझ्या वडिलांना, वाचून दाखवला. त्यांनी टनांकडे लक्षही दिले नाही. "पोतं केवढ्याचं, आन् द्यायला कोण असतं, त्ये सांग," एवढेच त्यांनी विचारले. पोते नसते, बॉक्स असतात, आणि द्यायला परभणीकडचा एक मुलगा असतो, असे मी सांगितले. "एकच?" म्हणाले, आणि चहाच्या कपाकडे पाहत राहिले.

तात्या जावळी तालुक्यातून १९७८ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, मशीद बंदरला आले आणि माथाडी झाले. त्या काळी धान्याचे आणि साखरेचे पोते क्विंटलचे असे. ते एकट्याने उचलण्याचा प्रश्नच नव्हता. दोघांनी दोन्ही टोकांना धरून वर घ्यायचे, तिसऱ्याने खाली वाकून ते पाठीवर आणि मानेवर घ्यायचे आणि फळीवरून चालत जाऊन थप्पीवर टाकायचे. दाणाबाजार नवी मुंबईत आला तेव्हा त्याच्या मागोमाग टोळ्याही आल्या आणि आमचे बिऱ्हाड कोपरखैरण्याच्या माथाडी वसाहतीत आले. अण्णासाहेब पाटलांनी बांधलेल्या संघटनेमुळे आणि १९६९ च्या माथाडी कायद्यामुळे या माणसांना मालक, कामगार आणि सरकार अशा तिघांचे प्रतिनिधी असलेली मंडळे मिळाली. मजुरी मंडळामार्फत मिळू लागली आणि तिच्यावर मालकाकडून घेतलेल्या लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, रजा, बोनस, दवाखाना या गोष्टी उभ्या राहिल्या. आमच्या घरातल्या फ्रिजपासून माझ्या कॉलेजच्या फीपर्यंत सगळे त्या लेव्हीच्या जोरावर आले आहे, हे मला लहानपणापासून ठाऊक होते. टोळी म्हणजे काय असते, हे मात्र मला स्वतः माल भरायला लागल्यावर कळले.

टोळीत वीस वर्षांचा पोरही असायचा आणि पंचावन्न वर्षांचा माणूसही. काम नगावर, म्हणजे जितकी पोती तितका पैसा. परंतु आलेला पैसा टोळीत सारखा वाटला जाई. साहजिकच तरुणांनी अवघड पल्ला घ्यायचा, वरच्या थरावर चढायचे, आणि वयस्करांनी द्यायच्या बाजूला उभे राहायचे, असा एक अलिखित रिवाज होता. तरुणांना त्यात अन्याय वाटत नसे, कारण आपणही पुढे त्याच बाजूला जाऊन उभे राहणार आहोत, हे त्यांना समोर दिसत असे. कामाची चाल मुकादम बांधून द्यायचा आणि ती टोळीतल्या सगळ्यांत थकलेल्या माणसाला झेपेल एवढीच असायची. तात्या याला "टोळीचं पाऊल" म्हणतात. एखादा नवा पोर जोरात पळू लागला तर त्याला शाबासकी मिळत नसे, शिव्या मिळत. त्याच्या पळण्याने उद्या सगळ्यांकडून तेवढीच अपेक्षा होणार, हे जुन्यांना पक्के माहीत होते.

आमच्या गोदामात पाऊल बांधून देणारा मुकादम नाही. डॉकच्या वर एक पडदा टांगलेला आहे. स्कॅनरने बॉक्स टिपला की पडद्यावरचा आकडा वाढतो. ठरलेल्या वेगापेक्षा पुढे असलो तर तो हिरवा असतो, मागे पडलो तर लाल होतो. पडदा कोणाला शिव्या देत नाही आणि कोणाचे वयही विचारत नाही. अर्थात वय विचारण्याची वेळ तशी येतही नाही, कारण आमच्या पाळीत पस्तिशीच्या पुढचा लोडर मी आजवर पाहिलेला नाही. ते कुठे जातात, हे मी पूर्वी विचारायचो.

सुरुवातीचे दिवस मी अंगातल्या रगीवर काढले. व्यायामशाळेत जाणारा होतो, त्यामुळे पहिल्या आठवड्यात आकडा हिरवा ठेवून दाखवला आणि घरी येऊन हात वर करून सदरा काढता येईना, म्हणून आईला हाक मारली. तात्या दारात उभे राहून पाहत होते. त्यांनी मला स्वयंपाकघरात नेले, तांदळाची २५ किलोची पिशवी जमिनीवर ठेवली आणि उचलायला सांगितले. मी पाय जुळवून, कमरेत वाकून, हात लांब करून ती उचलली. "खाली ठेव," म्हणाले. मग मला पाय फाकवायला लावले, पिशवी दोन्ही पायांच्या मध्ये ओढायला लावली, गुडघ्यात बसायला लावले, आणि पोटाला चिकटवल्याशिवाय उठायचे नाही, असे बजावले. "वझं लांबनं धरू नगंस. अंगाला लाव. अंगाला लागलं की त्ये निम्मं हुतं."

निम्मे होते हे मी तेव्हा बोलण्याची पद्धत म्हणून ऐकले. पुढे कुतूहल म्हणून वाचू लागलो, तेव्हा कळले की अमेरिकेतल्या कामगार सुरक्षा व आरोग्य संस्थेने वजन उचलण्यासाठी १९९१ साली एक सुधारित सूत्र मांडले आहे, आणि त्यात तात्यांचे वाक्य जवळजवळ जसेच्या तसे आहे. त्या सूत्राप्रमाणे सगळी परिस्थिती उत्तम असली, वस्तू कमरेच्या किंचित खाली असली आणि घोट्यापासून २५ सेंटिमीटरच्या आत धरता आली, तर सुचवलेली मर्यादा २३ किलो आहे. तीच वस्तू ५० सेंटिमीटरवर धरली की मर्यादा बरोबर निम्म्यावर, साडेअकरा किलोवर, येते. जमिनीवरून उचलायची असेल तर ती आणखी घटते, आणि उचलताना अंग नव्वद अंशांत वळवले तर आणखी. हे तिन्ही दोष एकाच वेळी केले, म्हणजे जमिनीवरची वस्तू हात लांब करून उचलली आणि पाय न हलवता बाजूला वळवली, तर सूत्राने येणारा आकडा साडेसहा किलोच्याही आत जातो. मिनिटाला किती वेळा उचलता याची वजावट अजून यात धरलेलीच नाही.

हे गणित मी केले ते पाठीला उसण भरल्यावर. त्याआधी ते करायला सवड कुठे होती!

प्रसंग साधा आहे. कामावर लागून दहावा आठवडा चालू होता, पहाटेचे चार वाजून गेले होते, आणि गाडीत शेवटची भिंत लागत होती. पॅलेटच्या तळाशी कागदाचे बॉक्स होते. कार्यालयांत छपाईला लागणाऱ्या कागदाची दहा रिमे एका बॉक्समध्ये असतात; एक रीम सव्वादोन किलोंहून थोडे जास्त भरते, म्हणजे बॉक्स सुमारे २३ किलोंचा होतो. हा बॉक्स दिसायला लहान असतो, गुळाच्या ढेपेसारखा; डोळ्यांना तो हलका वाटतो आणि हात तशाच तयारीने त्याच्याकडे जातात. पडद्यावरचा आकडा लाल झाला होता. मी वाकलो, हात लांब करून बॉक्स ओढून उचलला आणि पाय जागेवर ठेवून तसाच कमरेतून वळलो. काही मोडल्याचा आवाज वगैरे आला नाही. कमरेच्या डाव्या बाजूला कोणी तरी आतून चिमटा घेऊन धरल्यासारखे झाले, श्वास अर्ध्यावर अडकला, आणि बॉक्स खाली ठेवता येईना की धरवेना, अशा स्थितीत मी उभा राहिलो. जोडीदाराने तो माझ्या हातांतून काढून घेतला.

त्या पहाटेची दुसरी गोष्ट मला पाठीपेक्षा जास्त सलते. कंत्राटदाराचा माणूस आला, त्याने पाण्याची बाटली दिली, रिक्षाला पैसे दिले, आणि एक कागद पुढे केला. काम सुरू करण्याआधीपासूनच माझी पाठ दुखत होती, असे त्यावर लिहिलेले होते. मला उभे राहवत नव्हते. मी सही केली. नऊ दिवस घरी होतो, त्या नऊ दिवसांचा पैसा मिळाला नाही. तात्यांनी हे ऐकून घेतले आणि विचारले, "सही करायच्या आदी कुनाला इचारलंस?" कोणालाच नाही, म्हणालो. विचारण्यासारखे तिथे कोण होते, हे मला अजूनही सांगता येणार नाही.

वसाहतीत उसण भरलेल्या माणसाला सल्ल्यांची कमतरता पडत नाही. आईने शेजारच्या गल्लीतल्या एका पायाळू मुलाला बोलावणे धाडले. पायांकडून जन्मलेल्या माणसाने पाठीला पाय लावला की उसण जाते, ही समजूत आमच्या गावाकडे पक्की आहे. तो दहावीतला मुलगा अतिशय संकोचून आला, माझ्या कमरेला अंगठ्याने हलकेच शिवला आणि पोहे खाऊन गेला. डॉक्टरांनी मात्र माझ्या अपेक्षेच्या उलट सांगितले. पडून राहू नका, दुखेल तेवढे दुखू द्या पण घरातल्या घरात चालत राहा. बहुतेकांची अशी पाठ काही आठवड्यांत आपोआप बरी होते. पाय बधिर झाला, पायातली ताकद गेली किंवा लघवीवरचा ताबा सुटला तर मात्र एक तासही न थांबता या. पट्टा बांधून कामाला जाऊ का, असे मी विचारले. पट्ट्याने ताकद आल्यासारखे वाटते आणि माणूस जास्त उचलायला जातो, असे त्यांचे मत होते. त्याच अमेरिकी संस्थेने १९९४ साली असाच निर्वाळा दिला होता की, निरोगी कामगाराची पाठ पट्ट्यामुळे दुखापतीपासून वाचते, असे म्हणायला पुरेसा पुरावा नाही. आमच्या पाळीत निम्मी मुले पट्टा बांधतात. मी कोणाला सोडायला सांगत नाही, कारण पट्टा कसून बांधताना माणूस निदान एकदा तरी आपल्या कमरेचा विचार करतो.

परत कामावर गेल्यावर मी ताकदीचा विचार सोडला आणि वेळेचा करू लागलो. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते की या कामातला त्रास वजनाचा आहे. वजनाची सवय होते. जीव खाणारी गोष्ट आहे ती थांबण्याची आणि मग धावण्याची. ठाण्यातून आणि आसपासच्या रस्त्यांवरून अवजड वाहनांना ठरावीक तासांतच सोडतात, त्यामुळे भिवंडीकडून आणि घोडबंदर रस्त्याने येणाऱ्या गाड्या मुंब्रा बायपास आणि शिळफाट्यापाशी तुंबतात आणि बंदी उठली की एकदम महापे-पावण्याच्या अंगाला येतात. म्हणजे अकरा वाजता लागणारी गाडी एक वाजता लागते. तोवर आम्ही रिकाम्या पॅलेटच्या थप्पीवर पाठीची कमान करून, मोबाइलमध्ये डोके घालून बसलेलो असतो. आणि गाडी आली की दोन तास उशीर आमच्याकडून वसूल करायची घाई सुरू होते. पाठीच्या दृष्टीने याहून वाईट काही नसावे. बराच वेळ वाकून बसल्यावर मणक्याभोवतीचे बंध सैल पडलेले असतात आणि ते पूर्ववत व्हायला काही मिनिटे लागतात, तेवढ्यात जड बॉक्स उचलला की भार भलत्याच ठिकाणी जातो. झोपेतून उठल्यावरही तसेच असते. रात्रभरात मणक्यांमधल्या गाद्या पाणी शोषून फुगतात, म्हणून माणूस सकाळी सेंटिमीटरभर उंच भरतो आणि वाकायला ताठ असतो. तात्या उठल्याउठल्या पाण्याची बादलीसुद्धा उचलत नसत. "आधी मुंगळ्यावानी हिंडायचं," असे ते म्हणत, आणि आम्ही हसायचो.

आता गाडी शिळफाट्याला आहे असे चालकाने फोनवर सांगितले की मी उठतो आणि डॉकवर येरझाऱ्या घालतो. जोडीदाराला सुरुवातीला हा चाळा वाटला. मग तोही हिंडू लागला. पहिले वीस-पंचवीस बॉक्स आम्ही मुद्दाम हलके निवडतो आणि हळू भरतो; तेवढ्या वेळात पडदा लाल होतो, पण अंग मोकळे झाल्यावर तो हिरवा करणे जड जात नाही. पहिल्या बॉक्सला मी मनातल्या मनात 'लाभ' म्हणतो. धान्य मापताना एक म्हणायचे नसते, लाभ म्हणायचे आणि मग दोन, तीन. तात्या पोतीही तशीच मोजायचे. डायपरच्या बॉक्सला लाभ म्हणणे थोडे चमत्कारिक आहे, हे मला मान्य आहे.

दुसरी गोष्ट आम्ही ठरवली ती अदलाबदलीची. दर शंभर बॉक्सनंतर देणारा आत जातो आणि लावणारा बाहेर येतो. देणाऱ्याची कंबर जाते, लावणाऱ्याचे खांदे. वरच्या थराला हात डोक्याच्या वर नेऊन बॉक्स ढकलावा लागतो आणि तासाभराने खांद्याच्या सांध्यात वाळू गेल्यासारखे वाटते. बदल केला की निदान दुखण्याची जागा बदलते. हे आम्हाला कोणी शिकवले नाही आणि यासाठी कोणाची परवानगीही घेतलेली नाही. दोन माणसांची टोळी होऊ शकते का, असे मी तात्यांना विचारले होते. "हुती की," म्हणाले, "पर दोघं एकदम आजारी पडू नगा."

उन्हाळ्यातले सांगायला हवे, नाहीतर हे लिखाण अर्धवट राहील. मे महिन्यात गाडीचा पत्रा रात्री बारालाही हाताला कोमट लागतो. नवी मुंबईला एका बाजूने खाडी आणि दुसऱ्या बाजूने पारसिकचा डोंगर. हवा अडून राहते आणि ती आधीच ओली असते, त्यामुळे घाम येतो, निथळतो, पण वाळत नाही, आणि न वाळलेला घाम अंग थंड करत नाही. नुसते पाणी पीत राहिलो तर पोट डुचमळते आणि पोटऱ्यांत गोळे येतात, कारण घामातून मीठही गेलेले असते. घरून मी बाटली भरून नेतो: एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, वर अर्धे लिंबू. जुलाब झालेल्या मुलाला देतात तेच हे पाणी. एका दमात न पिता दर अदलाबदलीला चार घोट. २०१७ साली झालेल्या महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापना कायद्यात सलग पाच तासांच्या कामानंतर किमान अर्धा तास विश्रांती लिहिली गेली, आणि आमच्याकडे तेवढी मिळते, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण माणसाला एक अर्धा तास विश्रांतीपेक्षा दहा वेळा अर्धा मिनिट टेकायला मिळण्याचा उपयोग जास्त होतो, असा माझा अनुभव आहे, आणि त्याची कुठल्याच पडद्यावर नोंद होत नाही.

दिवसाच्या झोपेविषयी लिहिण्यात अर्थ नाही. वसाहतीत भाजीवाल्याचा भोंगा नऊला येतो, भंगारवाल्याचा साडेनऊला. ज्यांना ठाऊक आहे त्यांना ठाऊक आहे.

इतके वाचून कोणाला वाटेल की हे काम म्हणजे केवळ सोसणे आहे. तसे असते तर मी केव्हाच सोडले असते. गाडी भरण्यात एक कारागिरी आहे आणि ती जमली की मिळणारे समाधान मला कॉलेजात कुठल्याच विषयाने दिले नव्हते. शेवटी उतरायचा माल सर्वांत आधी आत जातो, म्हणजे गाडी पुण्याला जाऊन पुढे सोलापूरला जाणार असेल तर सोलापूर आतल्या भिंतीला आणि पुणे दाराशी. तेलाचे पाच लिटरचे चार डबे एका बॉक्समध्ये असतात, ते अठरा किलोंच्या पुढे जातात आणि एखादा झिरपला तर खालच्या मालाची वाट लावतात, म्हणून तेल तळाला. डायपर, बिस्किटे, चिप्स वर. विटांच्या बांधकामासारखा सांध्यावर सांधा येऊ द्यायचा नाही. वरचा बॉक्स खालच्या दोन बॉक्सना धरून बसला पाहिजे. गावी तात्या कडब्याची गंज रचायचे, ती दोन पावसाळे हलत नसे. पेंढ्या एकमेकींत कशा अडकवायच्या, हे त्यांचे हात न पाहता करत. भिंत छताशी पोहोचते तेव्हा वर चार-सहा बोटांची फट उरते आणि तिथे बसेल असा एकच बॉक्स त्या पॅलेटवर कुठे तरी असतो. तो डोळ्यांना आधीच दिसू लागला, की आपल्याला हे काम येऊ लागले असे समजावे.

आणि शेवटची भिंत. बोरघाट चढताना सगळा माल मागे, दाराकडे, रेटतो. ती भिंत सैल असली तर पुण्यात सकाळी दार उघडणाऱ्या माणसाच्या अंगावर बॉक्स कोसळतात. तो माणूस मी कधी पाहिलेला नाही. तोही माझ्यासारखाच कुठल्या तरी कंत्राटदाराच्या पटावर असणार आणि पहाटे त्याचीही कंबर ताठ असणार. शेवटची भिंत लावताना पडदा कितीही लाल असला तरी मी तिला हात घाईने लावत नाही. सुपरवायझर याबद्दल दोनदा बोलला आहे. तिसऱ्यांदा बोलला नाही, कारण आमच्या गाड्यांची मोडतोडीची तक्रार येत नाही, हे त्याच्याही लक्षात आले असावे.

मागच्या महिन्यात एक नवा मुलगा आला, ऐरोलीचा, दंड दाखवणारा टी-शर्ट घालून. माझा जोडीदार गावी गेला होता म्हणून त्याला माझ्याबरोबर दिले. सुरुवातीलाच सांगितले की पहिले पंचवीस हळू घे. तो हसला आणि पडद्याकडे पाहत सुटला. तासाभरात आम्ही ठरलेल्या वेगाच्या ऐंशी बॉक्स पुढे होतो आणि सुपरवायझर येऊन त्याच्या पाठीवर थाप मारून गेला. तीन वाजता दुसऱ्या गाडीच्या मध्यावर तो लेव्हलरच्या कडेला बसला, कोपरे गुडघ्यांवर टेकून, आणि त्याच्या नाकाच्या शेंड्यावरून घाम थेंबथेंब लोखंडावर पडू लागला. मी बाटली दिली. तोंड वाकडे करून, पण त्याने ती प्यायली.

"अजून किती राहिले, दादा?"

"दोनशे दहा."

अदलाबदलीचा हिशेब पाहता आत जायची पाळी त्याची होती, आणि वरचे दोन थर तेवढे उरले होते, म्हणजे सगळे काम खांद्यांचे. मी त्याला पॅलेटच्या बाजूला उभे केले, बॉक्स पोटाला लावून दे आणि वळताना आधी पाय वळव एवढे सांगितले, आणि आत गेलो. त्या दोनशे दहा बॉक्सना नेहमीपेक्षा वीस मिनिटे जास्त लागली. दार बंद करून सील ठोकले तेव्हा पडद्यावरचा आकडा लालच होता.

सकाळी तात्यांनी नेहमीप्रमाणे विचारले की द्यायला कोण होते. नवा पोरगा होता, म्हणालो. त्यांनी कप खाली ठेवला. "टिकंल का?" मी म्हणालो, आज रात्री आला तर सांगतो.